भरलेली गाडी

आईने पिशवी भरून ठेवली होती. कंगवा, चष्म्याची डबी, अर्धवट वाचलेलं मासिक, सगळ्यात वर घडी केलेली शाल. मी सकाळी वॉर्डात पोचले तेव्हा ती केस नीट विंचरून, पलंगावरून पाय खाली सोडून बसली होती. चेहरा किती दिवसांनी उजळलेला. म्हणाली, "अगं, आज सोडतायत. डॉक्टर आत्ताच येऊन गेले. सिस्टरना म्हणाले, डिस्चार्ज आहे."

मी सिस्टरना विचारायला गेले. त्यांनी फाइल उघडली. डॉक्टर बोलले होते ते जखमेबद्दल. टाक्यांच्या खालच्या टोकाशी अजून स्राव येत होता. ड्रेसिंग काढलं की गॉजवर बोटाच्या पेराएवढा पिवळसर डाग दिसत होता. त्या दिवसाच्या नोंदीत तोच शब्द लिहिलेला होता. डिस्चार्ज आहे, आणि म्हणून डिस्चार्ज नाही.

हे आईला मला सांगावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पिशवीतली शाल काढली, घडी मोडली आणि पायांवर पसरली. बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "पण दोन्हीला एकच शब्द कशाला वापरतात गं?"

माझं काम भाषांतराचं. दिवसभर इंग्रजी शब्दाला मराठी शब्द शोधत बसते. तरी त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ती विचारत होती ते कुतूहल म्हणून नव्हे. एका शब्दाने तिला घरी नेऊन परत आणलं होतं.

पुढच्या रात्री मी तिच्याजवळ राहिले. झोप लागायची नाही, मग मी त्या शब्दाच्या मागे लागले. डिस्चार्जच्या पोटात चार्ज आहे, आणि चार्ज तर त्या एका खोलीत भरून राहिला होता. पलंगामागच्या सॉकेटला लावलेला फोन चार्ज होत होता. वॉर्डाच्या सिस्टर इनचार्ज होत्या. शेजारच्या पलंगावरच्या मावशींचा मुलगा बिलातले चार्जेस एकेक करून बोटाने दाखवत वाचत होता. बाहेरच्या बाकावर कुणीतरी मोबाइलवर बातम्या लावल्या होत्या, त्यात कुणावर तरी चार्जशीट दाखल झालं होतं. वीज, जबाबदारी, पैसे, आरोप, पू, सुटका. यांचा एकमेकांशी काय संबंध?

पहिली शंका आली ती अशी, की हे मुळात वेगवेगळे शब्द असतील आणि योगायोगाने सारखे दिसत असतील. तसं होतंच. इंग्रजीत वटवाघूळ म्हणजे बॅट आणि खेळायची ती पण बॅट, पण दोघांचं काही नातं नाही. वटवाघळाचा शब्द आधी 'बाके'सारखा काहीतरी होता, तो बदलत बदलत तिथे येऊन थांबला. मराठीत झाडाचं पान आणि मद्यपानातलं पान असंच. पहिलं पर्ण झिजून झालेलं, दुसरं 'पा' म्हणजे पिणे या धातूचं. उलट, झाडाचं पान आणि वहीचं पान हा मात्र एकच शब्द, त्यानेच अंग पसरलंय. एका शब्दाने अशी अंग पसरण्याची जी रीत आहे, तिचं 'पॉलिसेमी' हे नाव मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाच्या १८९७ साली आलेल्या ग्रंथामुळे रूढ झालं. त्याला पडलेला प्रश्न साधा होता. शब्दाला इतके अर्थ असतात, तर माणसांचा गोंधळ का उडत नाही? आणि उत्तर असं, की आजूबाजूचे शब्द आणि प्रसंग नको ते अर्थ आपोआप बाजूला सारतात. आपल्या मनात ते येतसुद्धा नाहीत.

हे खरं आहे. वकिलाकडे बसलेल्या माणसाला चार्ज म्हटल्यावर बॅटरी आठवत नाही. प्रत्येक अर्थाची आपली खोली असते. हॉस्पिटलमध्ये मात्र दोन अर्थ एकाच खोलीत राहतात, एकाच पलंगाशी, एकाच माणसाबद्दल. तिथे बाजूला सारायचं कुणाला?

चार्ज मात्र पहिल्यापासून एकच शब्द आहे. त्याच्या तळाशी एक गाडी आहे.

आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात रोमन लोक येण्याआधीपासून गॉल लोक राहत होते, केल्टिक भाषा बोलणारे. त्यांच्या गाडीच्या शब्दावरून लॅटिनमध्ये 'कारुस' आला. पुढच्या काळातल्या लॅटिनने त्यापासून क्रियापद केलं, 'कारिकारे', म्हणजे गाडीत माल भरणे. जुन्या फ्रेंचमध्ये ते 'चार्जिए' झालं आणि तेराव्या शतकात इंग्रजीत उतरलं ते चार्ज म्हणून. अर्थ फक्त एवढाच होता, भार घालणे, ओझं लादणे. जनावरावर, गाडीवर, जहाजावर.

एकदा ती गाडी दिसली की बाकीचे अर्थ आपणहून येऊन तिच्याभोवती उभे राहतात. पैशाचा चार्ज म्हणजे माणसावर पडलेला भार. आपणही कराचा बोजा म्हणतोच. कर्जापोटी अडकलेल्या मालमत्तेवर इंग्रजीत चार्ज असतो आणि मराठीत बोजा चढतो, अगदी शब्दाला शब्द. दोषाचा चार्ज म्हणजे कुणाच्या माथी मारलेलं ओझं. अधिकाराचा चार्ज म्हणजे खांद्यावर घेतलेलं ओझं. त्याच गाडीची बाकीची पोरं तर आपल्या तोंडात रोज असतात. कार आहे, स्पॅनिशमधून आलेलं कार्गो आहे. करिअरसुद्धा त्याच घरातलं, ते मूळचं गाड्यांचा रस्ता, धावपट्टी. आणि मला सगळ्यात आवडलेलं कॅरिकेचर. इटालियनमध्ये त्याचा अर्थ लादणे, चेहऱ्यावर नाकाचं, भुवयांचं ओझं वाजवीपेक्षा जास्त घालणे.

फोन चार्ज करताना आपण काय भरत असतो, हा प्रश्न मला त्या रात्री खरोखर पडला, कारण समोर फोनचा हिरवा दिवा होता. तिथवर शब्द पोचला तो बंदुकीच्या वाटेने. एका बाराला लागेल तेवढी दारू म्हणजे चार्ज, ती उडवणे म्हणजे डिस्चार्ज. मग १७४५-४६ च्या सुमारास लायडनची बरणी आली, वीज साठवणारी काचेची बाटली. तिला हात लावला की असा झटका बसायचा, की बंदूक आठवावीच. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ च्या पत्रांत या बाटलीच्या भरण्या-रिकामं होण्याबद्दल लिहिलं, आणि विजेला धन आणि ऋण ही नावंही तेव्हाच वापरली. लवकरच त्यांनी काचेच्या अकरा तावदानांची एक जोडणी केली आणि तिला म्हटलं बॅटरी. बॅटरी म्हणजे तोवर तोफांची रांग. आपल्या खिशातल्या वस्तूची जवळजवळ सगळी भाषा दारूगोळ्याची आहे, हे कळल्यावर मी फोनकडे थोडा वेळ बघतच राहिले.

फ्रँकलिन यांना वाटत होतं की वीज हा एक द्रव आहे. जास्त भरला की धन, कमी पडला की ऋण. त्यामुळे 'भरणे' हा शब्द त्यांच्या दृष्टीने चपखल होता. पण धन कोणतं आणि ऋण कोणतं हे त्यांनी अंदाजाने ठरवलं आणि तो अंदाज उलटा पडला. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला, तारेतून प्रत्यक्षात वाहणारा कण, आणि त्याच्या वाट्याला ऋण आलं. ज्या वर्षी शब्दांच्या अनेकार्थाबद्दलचा तो फ्रेंच ग्रंथ आला तेच हे वर्ष. द्रवाची कल्पना मागे पडली, शब्द राहिला. इलेक्ट्रॉनवरचा भार आज इतक्या नेमकेपणाने बांधलेला आहे, की २०१९ पासून विजेची एककंच त्याच्यावर उभी आहेत. पण तो भार तराजूत घालता येत नाही. फोनच्या बॅटरीतही चार्ज करताना बाहेरून काही ओतलं जात नाही. आतलेच लिथियमचे आयन या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतात, आणि एकूण बॅटरी विजेच्या हिशोबाने पहिल्यासारखीच, ना धन ना ऋण. गाडी शब्दात राहिली, माल कधीच उतरला. विज्ञानाची मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तरीही विद्युतभार, प्रभार असे शब्द घेतले, गाडीचं ओझं उचलून आपल्या भाषेत ठेवलं. मला ते फार योग्य वाटतं. ज्याचं रूप कुणालाच दाखवता येत नाही, त्याला निदान हाताला लागेल असा शब्द हवा.

चढाईचा चार्जही आहे. घोडदळ शत्रूवर चार्ज करतं, म्हणजे आपला सगळा भार घेऊन त्याच्यावर जाऊन आदळतं. या चार्जवरून मला आठवली ती क्रिमियन युद्धातली बालाक्लाव्हाची लढाई, २५ ऑक्टोबर १८५४. ती आठवण्याचं कारण आईचा चेहरा. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर उभे होते. शत्रू बाजूच्या टेकाडांवरच्या पकडलेल्या तोफा ओढून नेतोय असं त्यांना तिथून दिसत होतं. त्यांनी चिठ्ठी पाठवली की घोडदळाने झपाट्याने पुढे जावं आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. खाली दरीत घोडदळाचे प्रमुख लॉर्ड ल्यूकन उभे होते. तिथून त्या तोफा दिसत नव्हत्या. कोणत्या तोफा, असं त्यांनी चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलनला विचारलं, त्याने हात केला तो दरीच्या टोकाकडे. तिथे रशियन तोफखाना तयारीत होता. सुमारे ६७० घोडेस्वार त्या तोफांच्या तोंडावर गेले, शंभराहून अधिक मेले, आणि पहिल्यांदा पडलेल्यांत नोलन होता. चिठ्ठीतला 'तोफा' हा शब्द चूक नव्हता. लिहिणाऱ्याला एक तोफ दिसत होती आणि वाचणाऱ्याला दुसरी. (त्याच चिठ्ठीत 'वाहून नेणे' यासाठी कॅरी हा शब्द आहे. तोही याच गाडीतला.)

एवढी मोठी गोष्ट आणि माझ्या आईची पिशवी, दोन्ही शेजारी ठेवू नयेत हे कळतं. पण घडलं ते तसंच. डॉक्टर उभे होते, त्यांच्यासमोर गॉजवरचा डाग होता. आई पडून होती, तिला दार दिसत होतं.

इनचार्जबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझ्या कामात तिने मला पूर्वी रडवलंय. सिस्टर पेशंटच्या 'इन चार्ज' असतात, आणि पेशंट सिस्टरच्या 'इन द चार्ज' असतो. मध्ये एक 'द' आला की कोण कुणाला सांभाळतंय ते उलटतं. एवढंच नाही, इंग्रजीत सांभाळायला दिलेल्या माणसालाही चार्ज म्हणतात. म्हणजे इनचार्जची चार्ज माझी आई. रात्री दोनला त्या सिस्टर आल्या, आईची उशी सरळ केली, सलाइनच्या नळीवरचा फिरकीसारखा छोटा चाप अंगठ्याने सरकवला, थेंब मोजले, आणि जाताना पांघरूण पावलांवर ओढलं. पावलं उघडी पडलीत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणि डिस्चार्ज? ओझं उतरवणे. कर्ज फेडलं की डिस्चार्ज, कर्तव्य पार पाडलं की डिस्चार्ज, सैनिक सेवेतून मोकळा झाला की डिस्चार्ज, बंदूक सुटली की डिस्चार्ज. जखम आत साठलेलं बाहेर टाकते तो डिस्चार्ज, आणि माणूस बरा होऊन दवाखान्यातून मोकळा होतो तोही. धरणातून सोडलेल्या पाण्याला आपण विसर्ग म्हणतो, तो शब्दही डिस्चार्जचाच. विसर्ग म्हणजे सोडून देणं, आणि अक्षरापुढचे ते दोन टिंबही विसर्गच, कारण तिथे श्वास सोडायचा असतो. आईच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे होतं. तिने स्वतःच ते दिलं होतं, 'आज सोडतायत' म्हणून. जखम स्राव सोडते, डॉक्टर पेशंटला सोडतात. आपल्याकडेही एकाच क्रियापदात दोन्ही मावतं, फक्त आपल्याला ते खटकत नाही.

पहाटे मी उलटं बघायला लागले. इंग्रजीच्या गाडीत इतकं सामान आहे, तर आपल्याकडे कोणता शब्द आहे असा? कार्यभार, पदभार, प्रभारी, अधिभार, भारित कण, हे तर शासकीय आणि शास्त्रीय मराठीने चार्जसाठीच बसवलेले, त्या सगळ्यांत भार आहे. आभार मानतो तेव्हाही भार. आरोपात मात्र भार नाही असं वाटलं, मग लक्षात आलं की आरोप म्हणजेही वर ठेवणं. वृक्षारोपणातलं आरोपण तेच. ठपकासुद्धा आपण ठेवतोच, कुणाच्या तरी डोक्यावर.

पण हे सगळे नामांचे मेळ. क्रियापद आईच्या पिशवीत होतं. पिशवी भरून ठेवली होती. भरणे!

गाडी भरतात. बंदूक भरतात. पैसे भरतात, दंड भरतात. कुणावर खटला भरतात. चार्जचा पहिला अर्थ, दारूचा अर्थ, पैशाचा अर्थ, कोर्टाचा अर्थ, चारही एका मराठी क्रियापदात, आणि इंग्रजीची उसनवारी न करता. कान भरतात, दम भरतात, आई मुलावर रागे भरते. अंगात कापरं भरतं, मनात भरतं, डोळे भरून येतात, शाळा भरते. चार्जला हे इतकं जमलेलं नाही. मी हे इतकी वर्षं बोलत आले, आणि चार्जला एक मराठी शब्द नाही अशी तक्रारही करत आले. कोशात एक, दोन, तीन असे आकडे घालून अर्थ लिहिले की असंच होतं. प्रत्येक आकड्याला वेगळा प्रतिशब्द सापडतो आणि मधली गाडी दिसेनाशी होते. आकडे लागतात, मलाही रोज लागतात. पण शिकवताना, पहिल्यांदा शब्दाची ओळख करून देताना, आधी गाडी दाखवावी असं मला मनापासून वाटतं. मुलांना दहा अर्थ पाठ करायला लावू नयेत.

भरणे आणि भार दोन्ही संस्कृतच्या 'भृ' धातूतले. त्याचा अर्थ वाहणे, धारण करणे. आणि हाच धातू इंग्रजीत 'बेअर' होऊन राहिला आहे, म्हणजे सहन करणे, वाहणे, जन्म देणे. त्यांचं ओझं 'बर्डन' त्यातलं, त्यांचा जन्म 'बर्थ' त्यातला. आपल्याकडे बाळंतपणाची वेळ आली की दिवस भरले म्हणतात. चार्ज हा गॉलच्या गाडीतून इंग्रजीत आलेला पाहुणा, पण आपल्या भाराचा सख्खा भाऊ इंग्रजीच्या घरात त्याच्या आधीपासून बसलेला होता. मला हे कळलं तेव्हा खिडकीबाहेर फटफटायला लागलं होतं. आई जागी झाली, म्हणाली, "झोपली नाहीस?" मी तिला गाडीची गोष्ट सांगितली. डोळे मिटूनच ऐकत होती. गाडीपाशी मात्र डोळे उघडले. "म्हणजे आधी माल भरला, मग उतरवला," ती म्हणाली, "बरोबर आहे."

त्यानंतर चार दिवस गेले. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी ड्रेसिंग काढलं. चिकटपट्टी निघताना आईने माझं मनगट धरलं होतं. गॉज उचलून त्यांनी उजेडाकडे धरला. कोरडा होता, पांढरा, विणीचे चौकोन मोजता येतील असा. त्यांनी हातमोज्याच्या बोटाने कडेने हलकेच दाबून पाहिलं आणि म्हणाले, "जखम छान भरत आलीय. डिस्चार्ज नाही आता."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जखमेचा नाही."

"मग माझा?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"तुमचा आज," ते म्हणाले.

पिशवी तिने पुन्हा स्वतःच भरली, मला हात लावू दिला नाही. शाल सगळ्यात वर. कागदांवर सह्या झाल्या, इनचार्ज सिस्टर दारापर्यंत आल्या. लिफ्टला वेळ होता आणि खाली उतरायला एकच जिना होता, दहा-बारा पायऱ्यांचा. पिशवी मी घेतली. पहिल्या पायरीशी ती थांबली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भार टाकू ना गं?"

"टाक," म्हटलं.